दाराशी पाठमोरं

आत्याला रुग्णालयात सगळे शंकाताई म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. रोज सकाळी ती एकेका वॉर्डात जाऊन सिस्टरांच्या टेबलापाशी उभी राहायची आणि एवढंच विचारायची, "काही शंका?"

"आमच्याकडे सगळ्यांना खात्रीच असते, ताई," वॉर्डच्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या. "शंका घ्यायला वेळ कुणाला आहे?"

"खात्री तुमच्याकडेच ठेवा. मला शंका द्या."

तिचं काम तेच होतं. औषध पोटात गेल्यावर जे व्हायला नको ते झालं, म्हणजे अंगावर पुरळ उठलं, जीभ जड झाली किंवा माणूस कारण नसताना रडायला लागला, तर डॉक्टरांनी, सिस्टरांनी, औषधाच्या दुकानदारांनी ते तिला कळवायचं. ते औषधामुळेच झालं हे सिद्ध करायची गरज नसते. तसं वाटलं, एवढं पुरतं. पण शिकलेल्या माणसाला नुसतं वाटलेलं लिहून द्यायचं म्हटलं की हात आखडतो. तरुण डॉक्टर विचारायचे, "उद्या चुकीचं निघालं तर?" आत्या म्हणायची, "निघू दे की. चुकीची शंका मी फाडून टाकीन. न आलेली शंका कुठून आणू?"

टिंगलही व्हायची. भूल देणारे डॉक्टर जिन्यात गाठून म्हणायचे, "शंकाताई, आज डब्यात केस सापडला. दुष्परिणामात धरता का?"

"कोणत्या गोळीनंतर सापडला तेवढं सांगा. धरते."

तिची खोली तळघरात, औषधांच्या कोठाराच्या पलीकडे होती. खिडकी नव्हती. भिंतीमागे लिफ्टचं यंत्र होतं. लिफ्ट वर निघाली की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी शहारायचं. नवीन माणसाला तिथे जीव घुसमटल्यासारखा व्हायचा. आत्या म्हणायची, मला उलट बरं वाटतं, वर कुणीतरी ये-जा करतंय हे कळत राहतं.

या कामातल्या एका गोष्टीत तिचा हातखंडा होता. कळवणाऱ्यानं रुग्णाचं नाव लिहायचं नसतं. वय, बाई की पुरुष, औषध कोणतं आणि काय झालं, इतकंच. त्यामुळे एकाच रुग्णाबद्दल सिस्टर एक कागद पाठवते, डॉक्टर दुसरा, कोपऱ्यावरचा औषधवाला तिसरा, आणि बघता बघता एका माणसाची तीन माणसं होतात. तसं झालं तर निरपराध औषध बदनाम होतं. म्हणून असे कागद ओळखून एकत्र टाचायचे. खोलीच्या भाषेत त्यांना जुळी म्हणत. आत्याला जुळी चटकन दिसायची. पूर्वी एका चांगल्या औषधावर उठलेली ओरड तिनं अशीच शमवली होती. ओरडणारे पुष्कळ होते, रुग्ण एकच निघाला. तेव्हापासून विभागप्रमुखही म्हणायचे, "जुळी शंकाताईंना दाखवा. त्यांची नजर सुईणीची आहे." ती हे कुणाला सांगत नसे, पण मनातून फुलायची.

हाताच्या कंपावरच्या नव्या गोळ्या आल्या त्या वर्षी तिच्याकडे एक कागद आला. सत्तरी ओलांडलेली बाई. गोळ्या सुरू केल्यावर काही आठवड्यांनी म्हणू लागली, 'दाराशी कुणीतरी पाठमोरं उभं आहे. केस ओले आहेत. जमीन मात्र कोरडी आहे.'

आत्यानं तो नोंदवून ठेवला. म्हातारपणी असं काहीबाही दिसतं, आणि या जातीच्या गोळ्यांनी तर दिसूच शकतं, हे तिला ठाऊक होतं. मग थोड्या थोड्या दिवसांनी आणखी कागद येत गेले, वेगवेगळ्या दवाखान्यांतून. सत्तरी ओलांडलेली बाई. त्याच गोळ्या. दाराशी कुणीतरी पाठमोरं, ओले केस, कोरडी जमीन. शब्द न् शब्द तोच. एका कागदात पुढे लिहिलं होतं की आता ते माणूस किंचित वळलं आहे, कानाची पाळी दिसते. दुसऱ्यात, गालाची कड दिसते. आणि शेवटच्यात, रुग्ण दाराकडे चालत गेली, पडली, खुबा मोडला.

याहून सुबक जुळी आत्यानं आजवर पाहिली नव्हती. एकच म्हातारी, भित्री आणि बोलकी, सिस्टर भेटो, औषधवाला भेटो, प्रत्येकाला तेच ऐकवणारी, आणि तिची ती कहाणी पुढे पुढे सरकत शेवटी पडण्यापर्यंत आलेली. दोन अनोळखी माणसं इतकं सारखं बोलतीलच कशी? तिनं पाचही कागद टाचले आणि वर लिहिलं, रुग्ण एक.

घरी आत्या आणि तिच्या सासूबाई अशा दोघीच होत्या. आत्याचे यजमान अवेळी गेले. दोघींना जोडणारा माणूस गेला आणि दोघी तशाच एकमेकींच्या राहिल्या. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. पुढचं दार उघडलं की लगेच जिना. सासूबाईंना आम्ही सगळे मोठीआई म्हणायचो. शर्ट शिवण्याच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर काजं केली होती. त्यांच्या हाताचं काज उसवलं असं कधी कुणी म्हणालं नाही. कंप सुरू झाला आणि आधी सुई गेली, मग चहाचा कप, मग स्वतःच्या अंगातली बटणं. सकाळी आत्या त्यांची बटणं लावायची तेव्हा त्या भिंतीकडे बघत राहायच्या.

"जगाची काजं केली मी," त्या एकदा म्हणाल्या, "आणि आता माझी बटणं सून लावते. बघ, कशी जिरली."

"जिरू दे. मीसुद्धा वर्षानुवर्षं तुमचे टोमणे झेलते आहे, फिटंफाट."

नव्या गोळ्या आत्यानंच त्यांना सुरू करून घेतल्या. मनात एकदा पाठमोरी आकृती येऊन गेली होती. पण इतक्या लोकांत एकाच बाईला झालेलं, एवढा धोका घ्यायला हरकत नाही, असा तिनं हिशेब केला. आणि गोळ्यांनी जादू केली. महिन्याभरात मोठीआईंनी सुई ओवली. पहिल्या खेपेला. ओवलेली सुई उजेडात धरून त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत बसल्या. मग घरात बटणांचा सुळसुळाट झाला. उशांच्या अभ्र्यांना बटणं, पिशव्यांना बटणं, खिडकीच्या पडद्यालासुद्धा एक बटण, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

एका सुट्टीच्या दुपारी आत्या खिडकीशी भाजी निवडत होती. पलंगावर बसून मोठीआई टाके घालत होत्या. दुपार इतकी शांत होती की दोरा कापडातून ओढल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"अगं," मोठीआई म्हणाल्या, "दाराशी कोण आहे?"

आत्यानं मान वर केली. दार बंद होतं. "कुणी नाही."

"नाही कसं? दाराशी कुणीतरी पाठमोरं उभं आहे. केस ओले आहेत." थोडं थांबून, डोळे बारीक करून त्या म्हणाल्या, "जमीन मात्र कोरडी आहे."

आत्या मला म्हणाली होती, तेव्हा मला भीती वाटली नाही, भीती नंतर आली. आधी असं वाटलं की कुणीतरी माझं टपाल मोठ्यानं वाचतंय. तळघरातल्या टाचलेल्या कागदांतलं वाक्य, एका शब्दाचाही फरक न होता, तिच्या घरात, तिच्या माणसाच्या तोंडून बाहेर पडत होतं. आणि मोठीआईंनी ते कागद कधी पाहिलेले नव्हते. घरी कामाबद्दल चकार शब्द काढायचा नाही हा तिचा कडक नियम होता.

"कधीपासून आहे, आई?"

"होईल आठवडा. दुपारची येते."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? उभी राहीना का. माझं काय खाते?" आणि त्यांनी पुन्हा सुई टोचली. हात दगडासारखा स्थिर होता.

दुसऱ्या दिवशी तळघरात गेल्यावर आत्यानं पाचही कागदांच्या टाचण्या काढल्या आणि ज्यांनी ज्यांनी ते पाठवले होते त्यांना फोन लावला. नाव विचारायचं नाही; फक्त एवढंच विचारायचं की तुमची रुग्ण कुठे राहते, आणि आता कशी आहे. दुपारपर्यंत तिला कळलं की त्या पाच बाया पाच ठिकाणी राहत होत्या. त्यांतली एकही दुसरीला ओळखत नव्हती. कहाणी एकीची पुढे सरकत नव्हती. पाच जणी एकाच वाटेवर, कुणी मागे कुणी पुढे, अशा चालल्या होत्या. आणि कागद पाठवल्यानंतरही त्या चालत राहिल्या होत्या. जिच्या बाबतीत नुसती कानाची पाळी लिहिलेली होती ती मागच्याच आठवड्यात घराच्या जिन्याखाली सापडली. सापडली तेव्हा जीव गेलेला होता. दवाखान्याच्या सिस्टर फोनवर म्हणाल्या, "आम्ही कळवलं होतं ना तुम्हाला. आम्हाला वाटलं, तुम्ही बघताय."

आत्यानं फोन ठेवला. भिंतीमागे लिफ्ट वर निघाली. पेल्यातलं पाणी शहारलं. पहिल्यांदाच तिला वाटलं की वर कुणी ये-जा करू नये.

खुबा मोडलेली बाई आत्याच्याच रुग्णालयात, चौथ्या मजल्यावर होती. आत्या तिला भेटायला गेली. बाई गणिताच्या शिक्षिका होत्या, निवृत्त. चष्मा नीट पुसलेला, उशाशी कोडी सोडवायचं पुस्तक. आत्याच्या मनातली भित्री, बोलकी म्हातारी तिथे नव्हतीच. रुग्णाच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत हा तिच्या कामाचा पहिला धडा होता, म्हणून तिनं मोघमच विचारलं, "बाई, त्या दिवशी काय झालं ते तुम्हीच सांगा."

"बसा आधी. उभ्यानं विचारलेल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही." आत्या खुर्चीवर बसली. तिची पाठ दाराकडे आली. बाई म्हणाल्या, "तुम्हाला वाटत असेल, म्हातारीला भ्रम झाला. मलाही तेच वाटत होतं. मी पडताळा घेतला. डोळे मिटून उघडले, चष्मा काढून पाहिला, दिवा लावून पाहिला. ती होती. मी म्हटलं, ठीक, मेंदूचा खेळ आहे, राहू दे. तिच्या केसांतून पाणी ठिबकायचं. खाली पोचायचं नाही. कुठे जात असेल हो ते पाणी? मी त्यावर फार विचार केला."

"मग?"

"मग तिनं तोंड फिरवलं."

बाईंनी पुस्तकाचं पान उलटलं आणि पुन्हा होतं तसं केलं. "मी उठायचं ठरवलं नव्हतं. हे लिहा. मी घाबरून उठले नाही, तिला बोलावलं म्हणून उठले नाही. पण तोंड बघितल्यावर बसून राहता येत नाही. तुमच्या ओळखीचं कुणी दाराशी आलं तर तुम्ही बसून राहाल का?"

"ओळखीचं होतं? कोण होतं?"

बाईंची नजर आत्याच्या खांद्यावरून मागे गेली, तिथे थोडा वेळ थांबली, मग परत आली. "ते नका विचारू," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पुढचा प्रश्न."

आत्या मला म्हणाली, त्या खोलीतून बाहेर पडायचं म्हणजे मला वळून दाराकडे जायचं होतं. इतकी साधी गोष्ट. मी किती वेळ खुर्चीतच बसले होते.

विभागप्रमुखांनी आधी मान्य केलं नाही. "शब्द न् शब्द तोच म्हणताय, मग जुळीच असणार. पाच माणसं एक वाक्य कसं बोलतील?"

"मीही हेच म्हटलं होतं, सर. म्हणून तर एक बाई गेली."

ते म्हणाले, गोळी सगळ्यांच्या मेंदूतला एकच कोपरा छेडत असेल, तर सगळ्यांना एकच गोष्ट दिसणं अशक्य नाही. बोलताना ते खिडकीकडे बघत होते, आणि आपलं स्पष्टीकरण आपल्यालाच पटवून देत असल्यासारखे वाटत होते. मग म्हणाले, "ही चूक तुमच्या नावानं वर जाईल."

"जाऊ दे. सावधगिरीचं पत्र मात्र आज गेलं पाहिजे."

ते गेलं. सगळ्या डॉक्टरांना, सिस्टरांना, औषधाच्या दुकानांना. त्यातली भाषा आत्याची होती. या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना विचारा, काही दिसतं का, ऐकू येतं का. रुग्ण सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा, सुधारून लिहू नका. त्याला एकटं ठेवू नका. गोळ्या एकदम थांबवू नका, त्यानं शरीर आणखी बिघडतं. हळूहळू कमी करा. आणि शेवटी, आधीच दुसऱ्या कुणी कळवलं असेल असं समजून गप्प बसू नका.

पण खरा पेच घरात होता. गोळ्या कमी करायच्या म्हणजे मोठीआईंचे हात पुन्हा कंपाच्या हवाली करायचे.

"मला नाही कमी करायच्या," मोठीआई म्हणाल्या.

"आई, एक बाई गेली हो. जिन्यावरून."

"ती वेंधळी असेल. मी नाही उठत कुणासाठी. तुझा सासरा बाहेरून हाका मारायचा, तेव्हा नाही उठले."

"चेष्टा नको."

"मग काय करू? रडू?" मोठीआईंनी आपले दोन्ही हात पुढे केले, पालथे, आणि तसेच धरून ठेवले. "बघ. बघ ना. हलतायत का? परत तुझ्याकडून बटणं लावून घेऊ?"

दुसऱ्या दिवसापासून आत्या गोळीचे दोन तुकडे करून अर्धा देऊ लागली, उरलेला अर्धा डबीत टाकायची. पलंग दारासमोरून हलवून आतल्या खोलीत नेला. तर ती पाठमोरी बाईही आतल्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. मोठीआईच म्हणाल्या, "ने बाई पलंग पुन्हा बाहेर. तिला उगाच हेलपाटे." आत्यानं कामाचे तास कमी करून घेतले. ती नसेल तेव्हा शेजारीण येऊन बसायची. संध्याकाळी आत्या विचारायची, "आज?" आणि मोठीआई भाजी काय केली हे सांगावं तसं सांगायच्या, "आज कान दिसला." "आज गाल." एकदा म्हणाल्या, "हनुवटीची ठेवण ओळखीची वाटते, पण नीट लक्षात येत नाही." त्या रात्री आत्याला झोप लागली नाही. अर्धी गोळी पोटात जात असताना दारातली ती मागे सरायला हवी होती. ती पुढेच वळत होती.

आणि एक दुपार पावसाची आली. शेजारीण बाजारात अडकली, तिनं फोन केला, आणि आत्या काम टाकून निघाली. छत्री रुग्णालयातच राहिली. जिना चढून येईपर्यंत ती नखशिखांत भिजली होती. तिनं किल्लीनं दार उघडलं, आत आली, आणि लावायला म्हणून वळली. पावसाळ्यात ते दार फुगायचं; खांद्यानं रेटल्याशिवाय बसायचं नाही. ती खांदा लावून रेटत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"वळू नकोस."

मोठीआईंचा आवाज होता, पण त्यात टोमणा नव्हता. लहान मुलीसारखा होता.

आत्याला आधी कळलं नाही की हे कुणाला चाललंय. मग तिला स्वतःच्या मानेवरून उतरणारं पाणी जाणवलं, आणि कळलं. दाराशी, पाठमोरी, ओल्या केसांची. आपण वळलो तर काय होईल? आपलं तोंड बघून त्यांना आपण दिसू, की दुसरं कुणी? तिनं बोलायला ओठ उघडले. फरशीवर पाय घासत येत असल्याचा आवाज आला. एक पाय, मग थोडं थांबून दुसरा. मोठीआई उठल्या होत्या. त्या येत होत्या. दार नीट बसलेलं नव्हतं, त्याच्या फटीतून जिन्यातला गार वारा तिच्या बोटांना लागत होता.

आत्या मला म्हणाली, सगळ्यात वाईट काय होतं माहीत आहे? त्या खोलीत पाठमोरी उभी असलेली मी एकटीच आहे, असं मला तेव्हा खात्रीनं सांगता आलं नसतं. डाव्या बाजूला, कुणी उभं असावं इतक्या जवळ, हवा थंड होती. मी तिकडे डोळे वळवले नाहीत.

पावलं तिच्या पाठीशी येऊन थांबली. श्वास ऐकू येत होता. कितीतरी वेळ कुणी हललं नाही.

"ही फरशी ओली कुणी केली?" मोठीआई म्हणाल्या.

त्यांचा नेहमीचा, चिडका आवाज.

आत्या दाराकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "मी. मी केली, आई."

"म्हणजे तू आहेस. छत्री काय भिंतीला शोभा म्हणून घेतलीस?"

आत्या वळली. मोठीआई हातभर अंतरावर उभ्या होत्या. अंगावरची शाल मागे पलंगापाशी पडलेली, आणि दोन्ही हात पुढे केलेले, कुणाचा तरी हात धरायला करतात तसे. आत्यानं ते हात पाहिले. त्यांत जराही थरथर नव्हती. इतक्या दिवसांच्या अर्ध्या गोळीवर ते असे स्थिर असायला नको होते.

"आई, डबीतल्या उरलेल्या तुकड्यांचं तुम्ही काय करता?"

मोठीआईंनी हात खाली घेतले. आत्यानं त्यांना धरून पलंगावर बसवलं. त्यांनी उशी ओढली, अभ्र्याची बटणं एकेक करून काढली आणि आतल्या बाजूनं शिवलेला एक चोरखिसा उलटा केला. त्यातून गोळ्यांचे तुकडे चादरीवर पडले. बरेचसे तुकडे त्यांचे खाऊनही झाले होते.

"घे," त्या म्हणाल्या. "मी हट्टानं घेत होते. मला वाटलं, उठायचं नाही हे आपल्या हातात आहे." त्यांनी पलंगापासून दारापर्यंतच्या फरशीकडे पाहिलं. "पण मी कधी उठले गं? मला उठल्याचं आठवतच नाही. तू फरशी ओली केली नसतीस तर?"

त्यानंतर गोळ्या खरोखरच कमी होत गेल्या. आत्या समोर बसून तुकडा द्यायची, पाण्याचा घोट दिल्यावर जीभ बघायची, आणि उरलेला तुकडा रुग्णालयात परत न्यायची. गालानंतर पुन्हा कान आला, मग नुसती पाठ. पाठ पुसट होत गेली. एक दिवस मोठीआई म्हणाल्या, "आज दारच दिसलं." त्याच दिवशी सुई त्यांच्या बोटांतून सुटली आणि पलंगाखाली गेली. आत्या शोधायला वाकली तर म्हणाल्या, "राहू दे. तिथेच बरी."

पत्र गेल्यावर इतर गावांहून फोन येऊ लागले होते. डॉक्टर, सिस्टर, औषधवाले. शंका घ्यायला लाजणारी माणसं आता बिचकत बिचकत बोलत होती. आत्या कुणाचंही वाक्य पुरं करत नसे. पलीकडचं माणूस "रुग्ण म्हणते की..." असं म्हणून अडखळलं, तरी ती थांबून राहायची, त्यानंच म्हणेपर्यंत. आणि मग प्रत्येक कागद वेगळा लावायची, कितीही सारखा असला तरी.

सगळ्यांत शेवटी तिनं मोठीआईंचा कागद लिहायला घेतला. घरच्या माणसाचं आपणच कळवायला तिचं मन धजावत नव्हतं. पण न कळवणं तर मुळीच शक्य नव्हतं. रविवारी सकाळी ती पलंगाशी खुर्ची घेऊन बसली. मोठीआईंनी सगळं शहाण्यासारखं सांगितलं. कधी सुरू झालं, काय दिसलं, केस केवढे होते, पाणी कसं ठिबकायचं. आत्या त्यांच्याच शब्दांत लिहीत गेली.

"आणि तोंड?" तिनं विचारलं. "त्या दिवशी, मी वळायच्या आधी. तिनं तोंड फिरवलं होतं ना?"

मोठीआई मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होत्या. ते आता आपोआप हलत होते, वाऱ्यावर पान हलावं तसे.

"फिरवलं होतं."

"कुणाचं होतं?"

"हे नाही सांगायची मी."

आत्यानं लिहिलं, चेहऱ्याबद्दल सांगण्यास रुग्णाचा नकार. लिहून तिनं पेन खाली ठेवलं.

"बाकीच्या बायकांनी सांगितलं?" मोठीआईंनी विचारलं.

"नाही. एकीनंही नाही."

मोठीआईंनी मान हलवली. ऐकायला हवं होतं तेच ऐकल्यासारखी. बाहेर जिन्यातून कुणीतरी वर येत होतं. दोघी पावलं ऐकत राहिल्या, ती वरच्या मजल्यावर निघून गेली तोवर.

"चहा झाला असेल," मग मोठीआई म्हणाल्या. "तूच ओत. माझ्याच्यानं नाही व्हायचं."